सोमलिंगअण्णांच्या डबीतलं सुस्स

आमच्या गल्लीत कुणी हळू बोललं तर लोक तब्येत विचारतात. मी माळशिरसकडचा, उसाच्या पट्ट्यातला. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन सोलापुरात आलो आणि सोमलिंगअण्णांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. पहिले आठ दिवस मला वाटायचं, खाली रोज कडाक्याचं भांडण चाललंय. नवव्या दिवशी धीर करून जिन्यात उभा राहिलो तेव्हा कळलं, की अंबुबाई नवऱ्याला आणखी भाकरी हवी का, एवढंच विचारत होत्या.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. सकाळी सातला खडखडाट सुरू झाला की तो रात्रीपर्यंत. या गोंगाटात माणसं जन्मतात, शाळेचा अभ्यास करतात, सोयरिकी जुळवतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आठवड्यातून एक दिवस मागांना सुट्टी असते, तेव्हा मात्र सगळे बेचैन होतात.

सोमलिंगअण्णा म्हणजे जॉबर. जॉबर म्हणजे माग विणणारा नव्हे, माग चालता ठेवणारा. दोरा सारखा तुटतोय, धोटा अडकतोय, टॉवेलला एका बाजूनं चुण्या पडतायत, की बोलवा जॉबरला. अण्णा अक्कलकोट तालुक्यातल्या गावातून सतराव्या वर्षी आले आणि बत्तीस वर्षं एकाच कारखान्यात होते. तिथून सुटल्यावरही घरी बसले नाहीत. गल्लीतले चार-पाच मालक त्यांनाच बोलावतात. त्यातले मुख्य रुद्रप्पा शेट, बारा मागांचे मालक. अण्णांची ख्याती अशी की ते कारखान्याच्या दारात उभे राहतात, आत पाऊल टाकायच्या आधीच हात वर करून सांगतात, सात नंबर बिघडलाय. लोक म्हणायचे, कान आहे कान. अण्णाही म्हणायचे.

माणूस बुटका, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, खिशात पेनाऐवजी टेस्टर. तरुणपणी संध्याकाळी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून ते दुसरी विद्याही शिकले होते. गल्लीतले मिक्सर, टीव्ही, देवळाचा भोंगा, सगळं अण्णांकडे. माझा मिक्सर त्यांनी तीनदा दुरुस्त केला आणि तिन्ही वेळा तो मी नीट वापरत नाही म्हणून मलाच झापलं. मी घरमालकाशी वाद घालत नाही, पण जॉबरशी घालावा लागतो, कारण तो आपलं ऐकतच नाही. हे वाक्य मी चारचौघांत विनोदानं पुष्कळदा म्हटलेलं आहे. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

त्यांची मुलगी अपेक्षा. वय चोवीस, गणवेश शिवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. या पोरीनं कॉलेजात असताना गिटार धरली. आधी मोबाइलवर बघून शिकली, मग होटगीला राहणाऱ्या एका निवृत्त रेल्वे गार्डकडे तीन वर्षं दर रविवारी गेली. ती गिटार झोडपत नाही. एकेक तार बोटांनी छेडून इतकं हळू वाजवते, की आमच्या गल्लीत ते ऐकायचं तर सुट्टीच्या दिवसाचीच वाट बघावी लागते. मी जिन्यात बसून ऐकायचो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तिनं वाजवलेलं ऐकलं की गावाकडचं काहीतरी आठवायचं आणि मी उगाच पेपर उघडून तोंडासमोर धरायचो.

तर या अपेक्षाला एका वाचनालयानं कार्यक्रमाला बोलावलं. तासभर, एकटीचा. असा पहिलाच. अडचण एकच होती. तिची गिटार साधी लाकडी, आत मशीन वगैरे काही नाही. समोर माईक ठेवला की एवढ्या हळू वाजवण्याला तो पुरायचा नाही, आणि आवाज वाढवला की स्पीकर शिट्टी मारायचा. तिची एक मैत्रीण आहे, तिच्याकडे वायर लावायची सोय असलेली तयार गिटार आहे. ती द्यायलाही तयार होती. पण अपेक्षाला स्वतःच्या गिटारवर वाजवायचं होतं, आणि अण्णांनी हे ऐकलं.

"दुसऱ्याची कशाला?" अण्णा म्हणाले. "मी करतो की."

आणि त्यांनी खरंच करायला घेतलं. नवी पेठेतून पार्ट आणले. बझरमध्ये पैशाएवढी पितळी चकती असते, ती काढून गिटारच्या लाकडाला आतून चिकटवली. ती चकती लाकडाची थरथर पकडते, पण तिचा आवाज इतका अशक्त की त्याला हात धरून स्पीकरपर्यंत नेणारं कुणीतरी मध्ये लागतं. ते काम प्रीअँपचं. अण्णांनी तो एका जुन्या जर्द्याच्या पत्र्याच्या डबीत बसवला. पत्राच का, तर बाहेरची गुणगुण आत शिरू नये म्हणून. आमच्या गल्लीत मागांच्या दोनशे मोटारी फिरतात. पहिल्यांदा डबी स्पीकरला जोडली तेव्हा गिटारपेक्षा मोठ्यानं हूं असा आवाज आला. अण्णा या हूंच्या मागे हात धुऊन लागले. वायर बदलली, डबीला आतून तांब्याची पट्टी लावली, जोड पुन्हा केले, विजेऐवजी नऊ व्होल्टची बॅटरी बसवली. पंधरा दिवस या माणसाला दुसरा विषय नव्हता. अंबुबाई म्हणाल्या, लग्नाच्या वेळीसुद्धा ह्यांनी माझ्याकडं इतकं निरखून बघितलं नव्हतं.

शेवटी हूं गेलं. पार गेलं. अण्णा तीन दिवस छाती काढून फिरत होते.

मागांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. बाहेरच्या खोलीत एका कडेला स्पीकर, दुसऱ्या कडेला खिडकीपाशी अण्णांचं टेबल. अपेक्षा गिटार घेऊन बसली. अण्णांनी बटण दाबलं आणि गल्ली शांत असल्यामुळे मला ते लगेच ऐकू आलं. सुस्स. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निघते, तसं. एकसारखं. अपेक्षानं वाजवायला सुरुवात केली, तर तिच्या त्या मऊ सुरांना पत्र्याची धार आलेली, आणि जिथं जिथं ती थांबत होती तिथं तिथं सुस्स. तिच्या वाजवण्याची सगळी गंमत त्या थांबण्यातच तर असते. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. तिच्या कपाळावर आठी होती. आणि अण्णा? अण्णा डोळे मिटून मान हलवत होते.

"एक थेंब गुणगुण न्हाय," ते म्हणाले. "हाय का सायेब?"

मी म्हणालो, एकदम क्लिअर. गुणगुण नव्हती हे खरंच होतं. वकिली उत्तर दिलं मी.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हूं जाड आवाज, तो अण्णांना येतो. सुस्स बारीक, तो येतच नाही. बत्तीस वर्षं मागांच्या पोटात काढलेल्या माणसाच्या कानाची वरची बाजू केव्हाच गेलेली असणार. गिटारची चमक त्यांना ऐकू येईना म्हणून त्यांनी बारीक आवाज वाढवत नेला होता, आणि त्याबरोबर सुस्सही वाढलं होतं. हे इतकं साधं होतं, आणि सहा वर्षं डोक्यावर राहून मला कळलं नव्हतं, याची मला लाज वाटली. पण लाज वाटली की गप्प बसावं, एवढी अक्कल देवानं मला दिलेली नाही.

अण्णा खिडकीपाशी बॅटरीचा स्क्रू पिळत होते. मी खोलीच्या या टोकाला. अपेक्षाकडं बघून मी आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून म्हणालो, की छान आहे म्हण. कार्यक्रमाला मैत्रिणीची गिटार घे. यांना काय कळणार आहे.

अपेक्षानं मान खाली घातली. मी वळून बघितलं तर अण्णा स्क्रू-ड्रायव्हर फडक्यानं पुसत आमच्याकडं बघत होते. मी हसलो. तेही थोडंसं हसले. माझ्या तोंडातून आवाजच निघाला नव्हता, तर मी घाबरू कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबुबाई माडीवर आल्या. सहा वर्षांत त्या वर आल्याचं मला आठवत नाही. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, की काल तुम्ही काय बोललाव. मी म्हणालो, काही नाही. तर त्या म्हणाल्या, ह्यांनी डबी उघडून सगळे पार्ट उपसून ठेवलेत, रात्री जेवले नाहीत, आणि रुद्रप्पा शेटचं बोलावणं आलं तर बरं वाटत नाही म्हणून सांगून पाठवलं. लग्न झाल्यापासून त्यांनी असं कधी सांगून पाठवलं नव्हतं, असंही त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीवर बसलो. अंबुबाई लग्नाआधी अण्णांच्याच कारखान्यात दोऱ्याच्या कांड्या भरायला होत्या. माग चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. ओठांनी बोलतात. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी अख्खा संसार बोलतो, आवाज न काढता. अण्णांनी त्यांना लग्नाचं असंच विचारलं होतं, मध्ये चौदा माग चालू असताना. अण्णांच्या कानाचं अंबुबाईंना पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं. सात नंबर बिघडलाय हे ते धोट्याच्या धावेकडं आणि विणकराच्या तोंडाकडं बघून ओळखतात. पण जॉबर बहिरा झाला असं एकदा बाहेर पडलं की कोण मालक बोलावणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोघांनी ती झाकून ठेवली होती. मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि मी, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तीही आवाज न काढता.

मी खाली गेलो. अण्णा टेबलाशी बसले होते. समोर मोकळी डबी, बशीत रेझिस्टर, कंडेन्सर. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"सायेब, तुमी माझ्याकडं पाठ करून मोठ्यानं बोलला असताव, तर मला कळलं नसतं," ते म्हणाले. "तसं बोलणं आमचं हाय. तुमी आमच्याच बोलण्यात आमच्यापासनं लपवायला गेलाव."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी जमिनीकडं बघत होतो. मग एकदम लक्षात आलं, की जमिनीकडं बघून बोललो तर यांना कळणार नाही, आणि मी मान वर केली.

त्यांनी विचारलं, सुस्स किती यायलंय. मी खरं सांगितलं, बरंच. कुठं येतंय? सगळीकडं, पण ती थांबली की जास्त. आणि तारेचा आवाज? पत्र्यासारखा. ते एकेका उत्तराला मान हलवत होते, मागाचा बिघाड विचारून घ्यावा तसे. शेवटी म्हणाले, की मग गडबड पहिल्याच पायरीवर आहे. तिथला ट्रान्झिस्टर जुन्या रेडिओतला काढून लावलाय, तोच सुस्स करत असणार. शिवाय चकतीच्या पुढं जेवढा मोठा रेझिस्टर हवा तेवढा लावलेला नाही, म्हणून आवाज बारीक झाला. मला तो बारीक वाटला नाही, मला तो बरोबर वाटला. हे शेवटचं वाक्य बोलून ते बराच वेळ बशीतले पार्ट बोटानं इकडं तिकडं करत राहिले.

अपेक्षा ऑफिसातून आली तेव्हा मी तिथंच होतो. मला उठून जायला सुचलं नाही आणि त्यांनीही घालवलं नाही. पोरगी दारातच रडवेली झाली. अप्पा, मला सांगायचं होतं, एवढंच ती बापाला म्हणाली.

"खोटं छान म्हणू नको, अपी," अण्णा म्हणाले. "मागावर खोटं बोललं की कापड खराब निघतंय. बस हितं. मी बदलतो, तू ऐक."

त्यानंतर चार संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत मी जे बघितलं ते कुठल्या कार्यक्रमापेक्षा कमी नव्हतं. अपेक्षा कानाला हेडफोन लावून बसायची. अण्णा समोर, हातात चिमटा. एक पार्ट काढायचे, दुसरा लावायचे, आणि तिच्याकडं बघायचे. ती ओठांनी सांगायची, कमी. अजून आहे. आता वाढलं. अंबुबाई स्वयंपाकघरातून येऊन तिला शिकवायच्या, असं नव्हे, ओठ जास्त उघड, दात दिसू देत. तिघं समोरासमोर बसून आवाज न काढता बोलत होते आणि बाहेर दोनशे मोटारी फिरत होत्या. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. एकदा अण्णा काहीतरी म्हणाले आणि मायलेकी एकदम हसल्या. माझ्याविषयीच असणार, पण विचारायची माझी छाती झाली नाही.

मला एक गोष्ट मात्र दिसत होती. ती 'वाढलं' म्हणाली की अण्णा क्षणभर थबकायचे. स्वतःचा कान पुढं करायचे, तिच्या हेडफोनजवळ न्यायचे, आणि काही न ऐकू येता मागं घ्यायचे. प्रत्येक वेळी. चौथ्या दिवशी त्यांनी ते करायचं सोडलं. नुसतं तिच्याकडं बघितलं आणि पार्ट बदलला. अपेक्षानं मूठ वर केली. मागाच्या शेडमध्ये मूठ म्हणजे थांब, आता हात लावू नको.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शंभरेक खुर्च्या. अर्धी गल्ली आली होती. रुद्रप्पा शेट कुटुंबासह दुसऱ्या रांगेत, धुतलेलं धोतर, खांद्यावर स्वतःच्याच कारखान्याचा टॉवेल. स्पीकरवाला बिरुदेव नावाचा दाढीवाला तरुण होता. त्यानं जर्द्याची डबी उलटसुलट करून बघितली, वास घेतला, आणि अदबीनं वायर जोडली. अपेक्षानं चार सूर छेडले. बिरुदेव आपल्या बटणांपाशी गेला आणि पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या अण्णांना त्यानं विचारलं, की काका, तुम्हीच केलंय ना, मग सांगा, वरचा बारीक आवाज ठीक आहे का, का अजून देऊ?

अशा प्रश्नाला अण्णांचं उत्तर ठरलेलं असतं, ठीक हाय. गेली पंधरा वर्षं ते हेच देत आले होते. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी एकदा स्टेजकडं बघितलं, एकदा मागं, रुद्रप्पा शेटकडं. अंबुबाईंनी पदर घट्ट धरला.

"मला वरचं ऐकायला येत न्हाय," अण्णा म्हणाले. "मागावर गेला कान. तिला इचार, तिला कळतंय."

आमच्या गल्लीचा आवाज तो. अख्ख्या हॉलनं ऐकला. बिरुदेव गोंधळला, मग अपेक्षाकडं वळला. तिनं दोनदा वाजवून बघितलं आणि वरचा आवाज जरा कमी करायला सांगितला. मागं मात्र रुद्रप्पा शेट शेजारच्याला विचारत होते, सोमलिंग काय म्हणाला. अण्णांची पाठ त्यांच्याकडं होती, त्यामुळे त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. शेजारच्यानं कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"मग?" शेट म्हणाले. "मला तरी कुटं येतंय?"

लोक हसले. अण्णा हसले नाहीत, खाली बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते.

दिवे मंद झाले. अपेक्षानं सुरुवात केली. पहिल्या दोन चाली सरळ होत्या, तिसरी तिची स्वतःची. जर्द्याच्या डबीतून तिची गिटार आली ती लाकडाचीच होती, जिन्यात बसून ऐकायचो ती. मी पेपर आणला नव्हता, त्यामुळे डोळे पुसायला बाहीच वापरावी लागली. अंबुबाईंनी बघितलं असेल तर असो.

मग ती जागा आली. तिनं एक तार छेडली, ती विरू दिली आणि हात उचलून थांबली. पाच-सहा सेकंद हॉलमध्ये काहीच वाजत नव्हतं. सुस्स असतं तर ते इथंच ऐकू आलं असतं. अण्णा स्टेजकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं वळले होते आणि त्यांची नजर माझ्या तोंडावर होती.

"यायलंय?"

"नाही," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं, अण्णा."

तरी ते आणखी थोडा वेळ माझ्या ओठांकडं बघत राहिले, आणि मग लेकीकडं वळले.